तुम्ही विचारलंत म्हणून: सीओडी उतरतो, मग अमोनिया का अडतो?

सीओडी म्हणजे सांडपाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, आणि गाळ म्हणजे ती घाण खाणाऱ्या जिवाणूंचा टाकीतला चिखल. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या प्लेटिंगवाल्यांचा, म्हणजे धातूवर निकेल-क्रोमचा मुलामा देणाऱ्यांचा, सांडपाण्याच्या जैविक टाकीबद्दल हा नेहमीचा प्रश्न: "सीओडी व्यवस्थित उतरतोय, गाळही छान बसतोय, मग अमोनियाच का चढला? टाकीत गूळ वाढवू का?"

गूळ आधी थांबवा. अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू गुळावर जगत नाहीत. ते पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेतात. गूळ खातात ते सीओडी उतरवणारे, आणि खाताना हवाही तेच पळवतात. गुळाचा उपयोग फक्त ॲनॉक्सिक (हवा न देता चालणाऱ्या) टाकीत, जिथे नायट्रेटचा वायू होतो.

सीओडीवाले जिवाणू काही तासांत दुप्पट होतात, अमोनियावाल्यांना दिवस किंवा जास्तच लागतो. प्लेटिंगच्या पाण्यातून येणाऱ्या धातूंचा फटका दोघांनाही बसतो, पण अमोनियावाले सावरायच्या आत गाळाबरोबर निघून जातात. अमोनियावाल्यांच्या शुद्ध कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत फक्त तेच जिवाणू वाढवले तर) तांबं लिटरला ०.१० मि.ग्रॅ., निकेल किंवा क्रोमियम ०.२५ मि.ग्रॅ. असलं तरी काम पूर्ण थांबल्याची १९६१ सालची नोंद आहे. टाकीत याहून जास्त खपतं, कारण गाळ धातू धरून ठेवतो. फसगत होते ती इथेच. बाहेरच्या पाण्याचा रिपोर्ट स्वच्छ येतो आणि निकेल गाळात साठत राहतं. पीएच घसरला की तेच सुटतं. आणि पीएच घसरायला निमित्त लागत नाही: १ मि.ग्रॅ. अमोनिया-नायट्रोजनमागे ७.१४ मि.ग्रॅ. अल्कलिनिटी (पीएच टिकवून धरणारी पाण्याची ताकद, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) खर्च होते.

खात्री करायची तर गाळ धुऊन दोन भांड्यांत सारखा वाटा. एकात क्लोरीन उडालेलं नळाचं पाणी घ्या, लिटरमागे ७६ मि.ग्रॅ. अमोनियम क्लोराइड आणि २५० मि.ग्रॅ. खायचा सोडा घाला. दुसऱ्यात तुमचं इनलेटचं, म्हणजे टाकीत येणारं पाणी. अमोनिया आणि सोडा तेवढाच करून घ्या. मत्स्यालयाच्या पंपाने हवा द्या आणि चार तास, दर तासाला नायट्राइट-नायट्रेट किती वाढलं ते मोजा. पहिल्यात वाढलं, दुसऱ्यात नाही, तर पाण्यातच विष आहे. दोन्हीत नाही, तर गाळातले जिवाणूच गेलेत.

इलाज प्लेटिंगच्या लाइनवरच करावा लागतो. क्रोमचं पाणी वेगळं घ्या, पीएच २ ते ३ वर सोडियम बायसल्फाइट घालून पिवळेपणा घालवा, मग चुन्याने ८.५ वर आणून बसवा. बायसल्फाइट जास्त झालं तर ते टाकीतला ऑक्सिजन खातं. निकेलला पीएच १० च्या वर न्यावा लागतो. सगळं एकत्र करून ८.५ वर थांबलात तर निकेल विरघळलेलंच राहतं. सायनाइडचं पाणी आम्लात कधीही मिसळू नका, त्यातून जीवघेणा वायू निघतो. ते आधी क्लोरीनने मोडायचं, आणि उरलेला क्लोरीन जैविक टाकीत जाऊ द्यायचा नाही. शेवटी पीएच ७.५ च्या आसपास.

धातूने भरलेला गाळ काढाच, पण तो उसाला देऊ नका. घातक कचरा म्हणूनच पाठवा. मग अमोनिया उतरवणाऱ्या चालू एसटीपीचा (घरगुती सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पाचा) ताजा गाळ आणा, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला २ मि.ग्रॅ. च्या वर ठेवा आणि काही आठवडे गाळ काढणं जवळजवळ बंद ठेवा. मध्येच नायट्राइट चढलेलं दिसेल. घाबरून डोस बदलू नका. दुसऱ्या टप्प्याचे, म्हणजे नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू मागून येतात.