ओकचे नववे वर्ष

आज सकाळी माझ्या ओकच्या बोन्सायच्या कळ्या फुगलेल्या दिसल्या. कालपर्यंत घट्ट मिटलेले तपकिरी खवले टोकाशी जरासे सैल झाले होते आणि त्यांच्या फटींतून फिकट हिरवी रेघ डोकावत होती. पानगळीच्या झाडाची कुंडी बदलायची तर ती याच सुमारास. पाने उलगडली की वेळ टळते, कारण तेव्हा छाटलेल्या मुळांना नव्या पालवीची तहान भागवता येत नाही. म्हणून बाकीची कामे बाजूला ठेवून मी तीन वर्षांनी झाड कुंडीबाहेर काढले.

मुळांचा गट्टा कुंडीच्या आकाराचाच निघाला. बांबूच्या काडीने कडेकडेची माती मोकळी करत गेले, तशी मुळांच्या टोकांना लपेटलेली पांढऱ्या तंतूंची जाळी दिसू लागली. ही जाळी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मुळे कुजली असे समजून मी ती पाण्याखाली धरून अगदी स्वच्छ धुतली होती. ते चुकलेच. ही बुरशी ओकची सोबतीण आहे. मुळे जिथवर पोहोचत नाहीत तिथून ती पाणी आणि स्फुरद आणून देते आणि त्या बदल्यात झाडाने पानांत तयार केलेली साखर घेते. आज मी या तंतूंनी बांधलेली जुनी माती मूठभर बाजूला ठेवली आणि नव्या जाडसर, चांगला निचरा होणाऱ्या मिश्रणात ती हलक्या हाताने मिसळली.

झाड हातात असले की त्याचे पहिले वर्ष हटकून आठवते. एकॉर्न, म्हणजे ओकची फळे, मिळाले तेव्हा ते आधी पाण्यात टाकले, तरंगणारे काढून टाकले आणि तळाशी बसलेले तेवढे ठेवले. ओकचे बी वाळवून साठवता येत नाही, वाळले की मरते; म्हणून हिवाळाभर ते ओलसर शेवाळात गुंडाळून थंडाव्यात ठेवले होते. कोंब दिसण्याच्या कितीतरी आधी सालीला तडा देऊन एक जाड पांढरे मूळ निघाले आणि सरळ खाली गेले. मोकळ्या रानात हे सोटमूळच रोपाला कोरड्या दिवसांतून तारून नेते, पण उथळ कुंडीत त्याला जागा नाही. पुढच्या वसंतात ते कापताना माझा हात बराच वेळ कात्रीवर थांबला होता, कारण त्या रोपाजवळ मूळ म्हणावे असे तेवढेच होते. कापलेल्या जागेपासून चहूबाजूंनी तंतुमुळे फुटली. आज खोडाच्या बुंध्याशी जी पसरट मुळे मातीला धरून बसलेली दिसतात, ती त्या एका कापातून आली आहेत.

पाचव्या वर्षी मात्र मी या झाडाला जवळजवळ गमावले होते. त्याच वसंतात मी कुंडी बदलली, मुळे निम्म्याने छाटली, वरच्या दोन जाड फांद्या उतरवल्या आणि उरलेल्या फांद्यांना ॲल्युमिनियमची तार गुंडाळून त्या खाली वाकवल्या. प्रत्येक काम आपल्या जागी बरोबर होते. ती सगळी एकाच हंगामात केली, हे वाईट झाले. कळ्या फुगल्या आणि तशाच राहिल्या. उन्हाळा अर्धा सरेपर्यंत झाडावर एकही पान नव्हते. खत देऊन त्याला उठवावे असे रोज वाटे, पण ज्या मुळांना पाणीच कसेबसे ओढता येत होते त्यांच्यावर खताचा भार टाकणे योग्य नव्हते. मी झाड सौम्य सावलीत नेले, वरची माती सुकू लागल्याचे बोटाला कळले की मगच पाणी दिले आणि बाकी काही केले नाही. त्या काळात काही न करणे हेच मला सर्वांत जड गेले.

अखेर पालवी आली, तीही कोवळी आणि अवेळी आलेली, आणि लगेच तिच्यावर भुरी पडली. ओकच्या उन्हाळी फुटीवर ही पांढरी पूड फार लवकर चढते. पिठाने माखलेली पाने खुडली, संध्याकाळी पानांवर पाणी शिंपडणे बंद केले, झाडाभोवती वारा खेळेल एवढी जागा मोकळी केली. झाड जगले, पण डावीकडची सर्वांत खालची फांदी वाळली. झाडाचा तोल जिच्यावर उभा होता, तीच ती फांदी. ती कापताना आतले लाकूड कोरडे आणि करडे निघाले.

तेव्हापासून मी एका वर्षात एकच मोठे काम करते. आज कुंडी बदलली, म्हणून यंदा छाटणी नाही आणि तारही नाही. शेंड्याकडची उजवी फांदी नको तितकी जाड झाली आहे आणि प्रत्येक डहाळीच्या टोकाशी ओकच्या सवयीप्रमाणे कळ्यांचा झुबका आहे. एका टोकाला तर मी पाच कळ्या मोजल्या. सगळ्या फुटू दिल्या तर तिथे गाठ धरते. चिमट्याने दोन ठेवून बाकीच्या काढायला हव्यात, पण यंदा त्या पाचही राहतील, कारण नवी मुळे तयार करायला झाडाला मिळतील तेवढी सगळी पाने हवी आहेत. गाठ धरली तर पुढच्या वर्षी कापता येईल.

साल अजून गुळगुळीत आणि राखाडी आहे. ओकच्या खोडावर भेगाळलेली, खडबडीत साल यायला काही दशके जातात, आणि या झाडाची तशी साल मी पाहीनच असे नाही. सन १६२५ पासून कुंडीत जोपासलेला एक जपानी पांढरा पाइन १९४५ मध्ये हिरोशिमावरच्या अणुबॉम्बमधूनही वाचला. १९७६ मध्ये तो अमेरिकेला भेट देण्यात आला आणि आजही वॉशिंग्टनमध्ये आहे. त्याचा विचार करताना मला वयापेक्षा त्याला पाणी घालणारे हात अधिक दिसतात. एवढ्या वर्षांत एकाही उन्हाळ्यात कुणी ते काम विसरले नाही.

झाड नव्या मिश्रणात बसवले, मुळांमधल्या पोकळ्या काडीने भरल्या, हलू नये म्हणून कुंडीच्या भोकांतून ओवलेल्या तारेने ते बांधले आणि खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत झारीने हळूहळू पाणी घातले. पाणी निथळत असताना जुन्या जखमेकडे लक्ष गेले. वाळलेली फांदी जिथून कापली होती तिथे कडांनी नवी साल आत सरकली आहे आणि तिच्या खालच्या ओठाशी मोहरीएवढी तांबूस कळी आहे. बोट लावावेसे वाटले, पण लावले नाही. झाड वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवले आहे. पुढची नोंद पाने उलगडल्यावर.