सोडवा, सिस्टर

"सिस्टर, सोडवा आता."

सव्वीस वर्षांच्या नोकरीत हे किती वेळा ऐकलं, मोजलं नाही. पहिली अठरा वर्षं आयसीयूत गेली. तिथे माझं उत्तर ठरलेलं असायचं, "असं बोलू नये." उशी सारखी करायची, सलाइनचे थेंब बघायचे आणि पुढच्या बेडकडे वळायचं.

त्यातले एक आजोबा मनातून जात नाहीत. कॅन्सर यकृतात पसरलेला, पण शुद्ध पूर्ण होती. नाकातली नळी ते ओढून काढायचे. तिसऱ्यांदा काढली तेव्हा मी त्यांचे दोन्ही हात पट्टीने बेडच्या कठड्याला बांधले. मनगटं सोलू नयेत म्हणून खाली कापूस ठेवला आणि आपण काळजी घेतली असं मला वाटलं. चार दिवसांनी ते गेले. हात बांधलेलेच होते. पट्टी मीच सोडली. नळी नको, हे त्या माणसाने तीनदा सांगितलं होतं आणि मला ते ऐकूच आलं नव्हतं.

पुढे मी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारात रुग्णाचा त्रास हलका करणाऱ्या टीममध्ये आले. तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं, कोणी "सोडवा" म्हणालं की खुर्ची ओढून बसायचं आणि विचारायचं, "कशातून?"

उत्तरं ऐकून मी थक्क व्हायचे. एका बाईंना स्वतःच्या जखमेच्या वासातून सुटायचं होतं. स्तनावरची जखम फुटली होती आणि त्या नातवाला खोलीत येऊ देत नव्हत्या. मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून ती पूड जखमेवर टाकायला लागलो आणि काही दिवसांत वास कमी झाला. त्या पुढे पाच आठवडे जगल्या, नातू शेजारी बसून गृहपाठ करायचा. मरणाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. एका काकांना रात्रीच्या धापेची भीती होती. मॉर्फिनच्या लहानशा मात्रेने धाप सुसह्य होते, पण नाव काढताच घरचे हादरतात, त्यांना वाटतं आता संपवणार. नीट मोजून दिलेलं मॉर्फिन मरण ओढवून आणत नाही, हे मी किती जणांना हात धरून सांगितलं असेल!

१९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठीचं शुश्रूषागृह, सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, डॉक्टर नंतर झाल्या. दुखणं शरीराचं, मनाचं, नात्यांचं आणि श्रद्धेचंही असतं, असं त्या सांगायच्या. त्या आधी नर्स होत्या, याचं मला नवल वाटत नाही.

पण खुर्ची ओढून बसलं की प्रत्येक प्रश्न सुटतो, असं मी म्हणणार नाही. मोटर न्यूरॉनचा आजार असलेले एक गृहस्थ होते. फक्त डोळे हलायचे. अक्षरांच्या तक्त्यावर मी बोट फिरवायचे, ते पापणी मिटायचे. "कशातून?" विचारल्यावर बराच वेळ लावून त्यांनी वाक्य जुळवलं : "दुखत नाही. भीती नाही. पुरे झालं." यावर माझ्याकडे औषध नव्हतं. आजही नाही.

अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये १९९७पासून अशा रुग्णाला, सहा महिन्यांपेक्षा कमी आयुष्य उरलं असेल तर, डॉक्टर औषध लिहून देऊ शकतात. ते घ्यायचं मात्र त्याने स्वतः. तिथल्या वार्षिक अहवालांत वेदनेपेक्षा 'स्वतःवरचा ताबा गेला' हे कारण कितीतरी जास्त जण देतात. आणि औषध लिहून घेणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक ते कधीच घेत नाहीत. ते जवळ आहे, एवढंच त्यांना पुरतं. त्या गृहस्थांनाही कदाचित पुरलं असतं. पण गिळण्याचीही ताकद नसलेल्या माणसाच्या हाती ते औषध देऊन काय उपयोग, हेही मनात येतं.

तरीही मरण देणाऱ्या कायद्याला मी आज हो म्हणू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पॅलिएटिव्ह केअरची गरज असलेल्यांपैकी जेमतेम १४ टक्के लोकांना ती मिळते. उरलेल्यांना "कशातून?" हे कुणी विचारलेलंच नाही. वासाने हैराण झालेल्या त्या बाईंसमोर गोळीच्या पुडीऐवजी मरणाचं इंजेक्शन आलं असतं, तर त्यांनी ते घेतलं असतं. मला खात्री आहे. "मी तुम्हाला जड झाले" हे वाक्य मी बायकांच्या तोंडून फार ऐकलंय, मुलं पायाशी बसलेली असतानासुद्धा.

उपचार थांबवणं मात्र मला वेगळं वाटतं. आपल्याकडे अरुणा शानबाग या मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या, हल्ल्यानंतर कधीच भानावर न आलेल्या परिचारिकेच्या खटल्यात २०११ साली ती वाट कडक अटींसह उघडली. त्यांच्यापुरती मागणी न्यायालयाने फेटाळली आणि केईएमच्या परिचारिका २०१५पर्यंत त्यांना सांभाळत राहिल्या. त्यांच्यावर हल्ला झाला होता १९७३ साली! त्या परिचारिकांपुढे मी नतमस्तक आहे. पण अरुणाताईंना स्वतःला काय हवं होतं, हे कुणालाच विचारता आलं नाही, आणि हे मला अजून टोचतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालाने लिव्हिंग विलला, म्हणजे पुढे बोलता आलं नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. २०२३मध्ये प्रक्रिया सोपी झाली. आता दोन साक्षीदार लागतात, शिवाय नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. गेल्या महिन्यात मी माझं करून टाकलं. बरं होण्याची आशा संपली असेल तर व्हेंटिलेटर नको, नळीने अन्न नको, मॉर्फिन हवं तेवढं द्या. खाली एक ओळ मी स्वतः घातली : हात बांधू नयेत.

साक्षीदार म्हणून आलेल्या मैत्रिणीने विचारलं, "हे लिहावं लागतं का गं?"

"राहू दे," म्हटलं, आणि तिच्या हातात पेन दिलं.