आर्वीहून मेलबर्नला संसार पाठवताना

पुतणीचा संसार मेलबर्नला पाठवायचं ठरलं आणि घरात पहिला प्रश्न निघाला वजनाचा. आपल्याकडे कापूस क्विंटलने जातो, सोयाबीन क्विंटलने जातं, म्हणून भांडीकुंडीही किलोवरच जाणार असं सगळ्यांनी धरलेलं. जहाजाचा हिशेब वेगळा असतो. अख्खा कंटेनर न घेता इतरांच्या मालासोबत आपली खोकी टाकली, ज्याला एजंट एलसीएल म्हणतात, तर भाडं लागतं जागेचं. एक घनमीटर किंवा एक टन, यातलं जे जास्त भरेल ते. घनमीटरभर घरगुती सामान टनाच्या आसपासही जात नाही, त्यामुळे काटा बाजूला ठेवा आणि टेप घ्या.

या हिशेबाने पाटा-वरवंटा गेला आणि गादी राहिली. वहिनींनी घरच्या कापसाची गादी मुद्दाम भरून घेतली होती. "वजनात तं काहीच नाही भाऊजी, एका हातानं उचलते मी!" खरंच होतं ते. पण ती गादी एकटीच घनमीटरचा तिसरा हिस्सा खात होती, आणि तेवढ्या भाड्यात पोरगी तिकडे नवी घेईल. पाटा मात्र एका लहान खोक्यात बसला. अंदाजासाठी सांगतो: 60 × 45 × 45 सेंटिमीटरची आठ खोकी म्हणजे जवळपास एक घनमीटर. वीस फुटी कंटेनरमध्ये आतून साधारण 33 घनमीटर जागा असते. आमचं सगळं दोन घनमीटरच्या आत बसलं.

खोकी विकतच घ्या, पाच किंवा सात प्लायची, म्हणजे पुठ्ठ्याच्या तेवढ्या थरांची. आमच्या पट्ट्यात संत्र्याची खोकी फुकट मिळतात आणि मोह होतो, पण ऑस्ट्रेलियात फळांची, भाजीची, अंड्यांची वापरलेली खोकी चालत नाहीत. भांड्यांमध्ये तणस किंवा कडबा कोंबू नका. गावच्या सुताराकडून लाकडी पेटीही ठोकून घेऊ नका. पॅकिंगचं लाकूड उष्णता देऊन किंवा धुरी देऊन प्रक्रिया केलेलं आणि तसा शिक्का मारलेलं लागतं. प्लायवूडला ही अट नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला साफसफाईत. तिथले अधिकारी माती आणि बी शोधतात, आणि आपली काळी माती कुठे कुठे शिरून बसते ते अशा वेळी कळतं. पाट्याच्या टाकीच्या खाचांतून दातांच्या ब्रशने माती काढली. सतरंजीच्या दशांमध्ये कुसळं अडकली होती. ती झटकून निघत नाहीत, उन्हात पसरून चिमट्याने एकेक ओढावी लागतात. शिवणयंत्राचं तेल काढून कोरडं पुसलं. सूप, टोपल्या आणि शिंदीचा झाडू घरीच ठेवला, कारण त्यासाठी तपासणीच्या भानगडीत पडण्यात अर्थ नव्हता.

आणि प्रत्येक डबा बंद करण्याआधी स्वतः उघडून पाहा. आईने पितळी डब्यात तिखटाची पुडी आणि मेथ्या दडवल्या होत्या. नातीवरची माया खरी, पण अशा एका पुडीपायी अख्खं खोकं अडतं, कधी कधी त्याच कंटेनरमधल्या परक्या माणसाचंही. जुन्या तांब्या-पितळेचंही बघून घ्या. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू 1972 च्या कायद्याने देशाबाहेर पाठवता येत नाही. पणजीच्या गंगाळाचं वय कोणालाच सांगता येईना, म्हणून ते आम्ही ठेवून घेतलं.

पिकअप पहाटे भरली. तळेगाव, कारंजा, कोंढाळी करत नागपूरच्या अलीकडे अमरावती रोडवरच वाडी लागते. एजंटचं गोदाम तिथेच असल्याने शहरात शिरावं लागलं नाही. दिवाळीनंतरचे दिवस होते. पावसाळ्यात मात्र हे करू नका, पुठ्ठा ओल धरतो आणि कंटेनरमध्ये पुढे घाम सुटतो, म्हणजे आतली ओल पत्र्यावर पाणी होऊन जमते, तो निराळाच. कपड्यांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका.

गोदामात मापाचा टेप लावणाऱ्याने एका खोक्यावर हात ठेवला. "भाऊ, याचं पोट पाहा ना." खोकं कोंबून भरलं की मधे फुगतं, आणि माप त्या फुगवट्यावरून धरतात. तिथेच दोन रजया काढून दुसरीकडे सारल्या आणि पुन्हा पट्टी मारली. असं काही निघेल म्हणून चिकटपट्टी, कात्री आणि एक रिकामं खोकं सोबत असू द्या. इथून माल मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदराला जातो, तिथे कंटेनरमध्ये भरतात आणि पलीकडे पुन्हा बाहेर काढतात. तुमच्या खोक्यावर कोणाची लोखंडी पेटी बसेल ते सांगता येत नाही, म्हणून पोकळ जागा ठेवू नका.

यादीत "घरगुती सामान" एवढंच लिहून भागत नाही. खोक्याला नंबर, आत काय, किती नग, वापरलेलं की नवं, अंदाजे किंमत, सगळं इंग्रजीत. नंबर खोक्याच्या तीन बाजूंना टाका. बारा महिने स्वतः वापरलेल्या वस्तूंना तिकडे करात सवलत आहे, त्यामुळे लग्नातली कोरी भांडी वापरलेल्यांत मिसळू नका. पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती आणि एजंटसाठी अधिकारपत्र लागतं. विमा घेताना स्पष्ट विचारा: घरी भरलेल्या खोक्यातली फूटतूट बहुधा धरत नाहीत, अख्खं खोकं हरवलं तरच भरपाई मिळते.

भाव विचारताना एक गोष्ट पक्की करा. आम्हाला एकाने फारच स्वस्त आकडा सांगितला होता. खोदून विचारल्यावर कळलं की तो फक्त तिकडच्या बंदरापर्यंतचा. कंटेनर रिकामा करणं, गोदाम, कस्टमचे कागद सोडवणं, तपासणी, घरापर्यंतचा टेम्पो हे सगळं पुतणीच्या माथी, आणि ते मूळ भाड्याच्या वर जाऊ शकतं. या तिकडच्या खर्चाचा आकडा घनमीटरप्रमाणे लेखी मागा. देत नसेल तर दुसरा एजंट बघा, वाडीत त्यांची कमी नाही.