उकडा भात, ग्लुकोमीटर आणि ७ किलो: जूनची नोंद

मंडळी, आधी आकडे. फेब्रुवारीत वजन ८६ होतं, आता ७९. दर रविवारी तेच जेवण, म्हणजे काट्यावर तोलून २०० ग्रॅम उकड्या तांदळाचा भात नि बांगड्याचं हुमण (माशाचं कालवण), पहिल्या घासापासून बरोबर एका तासाने बोट टोचायचं, तर तेव्हा १७८ यायची ती शुगर आता १४१ ते १४६ च्या मधे येते. मे महिन्यात एकदा मानकुराद आंबा कापून हात नुसता पुसला आणि टोचलं तर २३१, पोटात गोळाच आला, साबणाने हात धुऊन परत बघितलं तर १४९, म्हणून सांगतो हात धुवाच.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते स्नायूंचं काम. इन्सुलिन आलं की स्नायूच्या पेशीत आत दडलेले ग्लुट-४ नावाचे वाहक वर पेशीच्या पडद्यावर येतात आणि साखर आत ओढतात. वजन वाढतं तेव्हा चरबी नुसती पोटावर बसत नाही, स्नायूच्या तंतूंतही साठते, नि तिच्यापासून होणारे काही पदार्थ इन्सुलिनचा निरोप मधेच अडवतात असं मानतात, मग वाहक आतच राहतात आणि स्वादुपिंड बिचारं अजून इन्सुलिन सोडत बसतं. हे नीट मोजायचं तर क्लॅम्प टेस्ट लागते, एका सलाईनमधून इन्सुलिन ठरलेल्या वेगाने आणि दुसऱ्यातून शुगर खाली जाऊ नये इतकंच ग्लुकोज, जितकं जास्त ग्लुकोज द्यावं लागेल तितकं शरीर इन्सुलिनचं ऐकतंय. माझ्या बोटाच्या थेंबात लिव्हरचाही हात असतो, त्यामुळे सगळं श्रेय स्नायूंना देत नाही.

पण एप्रिलमध्ये वजन तीन आठवडे ८२ ला अडकलं तरी शुगरचा आकडा खाली येतच राहिला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याच दिवसांत संध्याकाळी फर्मागुढीचा चढ चालायला लागलो होतो. स्नायू आकुंचन पावले की ग्लुट-४ इन्सुलिनशिवायही वर येतात, आणि चालल्यानंतर एक-दोन दिवस इन्सुलिनचं काम सोपं होतं. आता पाऊस लागलाय तर घरातल्या जिन्यावर वीस मिनिटं.

माझी उंची १७०, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अजून २७ च्या वर, आपल्या लोकांना २३ पासूनच जादा धरतात, तेव्हा ७२ पर्यंत तरी जायचंच. चवथीला पातोळ्या खाऊन एका तासाने टोचणार आहे, तो आकडाही इथेच टाकतो.