डुक्कर फियाट अपडेट: खालचा पत्रा झाला, इंजिनाचं हेड उतरवलं, आणि इंजिन बदलायचं की नाही

मंडळी, बरेच दिवस काही टाकलं नाही, विचारणारे विचारून दमले, म्हणून आता सगळं एकदमच लिहितो. नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात, गाडी फियाट ११००-१०३, १९५६ ची, आपण सगळे जिला डुक्कर म्हणतो तीच. मुंबई पासिंग, बीएमने सुरू होणारी जुनी पाटी अजून मागे आहे. सध्या मुक्काम कोल्हापूर, चुलत्यांच्या गोडाऊनमध्ये.

सगळ्यात मोठं काम झालं ते खालच्या पत्र्याचं, त्यावर जरा सविस्तर सांगतो कारण डुक्कर घ्यायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला हे कळायलाच हवं. या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नाही, मोनोकॉक आहे, म्हणजे दरवाज्याखालचा जो लांब बॉक्स असतो तोच गाडीचं वजन पेलतो. त्यात पुढचे दरवाजे उलटे उघडतात आणि मागचे सरळ, म्हणजे एका बाजूचे दोन्ही दरवाजे मधल्या एकाच खांबावर टांगलेले. खालचा बॉक्स गंजला की तो खांब हळूहळू खाली बसतो आणि मग पुढचा दरवाजा लागेना, मागचा उचलून लावावा लागतो, आणि लोक बिजागरीला दोष देत बसतात! बिजागऱ्या बदलून काही होत नाही. गाडी बघायला गेलात तर आधी दरवाज्यांच्या फटी बघा, पेंट नंतर. वर अरुंद आणि खाली रुंद फट दिसली की समजायचं खाली काय वाढून ठेवलंय.

आमच्या गाडीत डाव्या बाजूला पुट्टीचे थरावर थर निघाले, खरवडत गेलो तसा प्रत्येक मालकाचा वेगळा रंग, हिरवा, मळकट पांढरा, मग परत हिरवा, आणि त्याखाली पत्रा जवळजवळ नाहीच. पहिले मिस्त्री म्हणाले, "साहेब, वरनं पत्रा मारून देतो की, कुणाला दिसतंय." दिसत नाही हे खरं, पण मला गाडी चालवायची आहे, लग्नात फुलं लावून उभी करायची नाहीये. मग दुसरे एक मिस्त्री मिळाले, वयस्कर, कमी बोलणारे, त्यांनी आधी चारी दरवाजे बसवून फटी जुळवल्या, आतून खांबाखांबांमध्ये अँगल वेल्ड करून बॉडी जखडली आणि मगच कटिंगला हात लावला, तेही एका वेळी एकच बाजू. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर बॉडी वाकते आणि मग ती परत सरळ करणं म्हणजे देवाचं नाव. नवीन बॉक्स १८ गेजच्या सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्यातून वाकवून घेतला, आतून प्राइमर, वरून वॅक्स, आणि पाणी निघायची भोकं मोकळी ठेवली. आता दरवाजा एका बोटाने लागतो. मी उगीचच दहा वेळा उघडझाप करून आलो.

ब्रेकचं फार सांगण्यासारखं नाही. चारी ड्रम, हायड्रॉलिक, व्हील सिलिंडरचे रबर कप सगळे बदलले, पाइप नवीन. किंगपिन-बुश (पुढची चाकं ज्या खिळ्यांवर वळतात ते) पण केले, स्टिअरिंगचा खुळखुळा निम्म्याहून कमी झाला.

आता इंजिन. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवलंय. ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं, आणि वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी घालून चालवलेलं, त्यामुळे पाण्याच्या वाटांभोवती हेड खाल्लं गेलंय. उद्यमनगरात दाखवलं, तिथे पंप आणि ऑइल इंजिनची कामं करून तयार झालेले हात आहेत, पट्टी ठेवली आणि लगेच सांगितलं की वाकलंय, पण वाचेल. खाल्लेल्या जागा वेल्डिंगने भरायच्या, मग फेसिंग (मशीनवर सपाट करणं), मग व्हॉल्व्ह ग्राइंडिंग. क्रँक पण काढून द्यायचा आहे, जर्नल (क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) मोजल्याशिवाय बोलत नाही.

आणि इथेच वाद सुरू झाला. जो येतो तो म्हणतो, कशाला एवढा खटाटोप, पद्मिनीचं (याच ११०० च्या घराण्यातली पुढची गाडी) इंजिन टाक. बोलण्यात दम आहे, नाही असं नाही. फियाटचा इंजिनिअर दान्ते जाकोसा, त्याच्या टीमची ही गाडी मार्च १९५३ मध्ये जीनिव्हाच्या शोमध्ये आली तेव्हा १०८९ सीसी आणि ३६ हॉर्सपॉवर, आणि आपल्या कुर्ल्यात पद्मिनी बंद होईपर्यंत सीसी तेच १०८९, व्हीलबेस पण तोच २३४० मिलिमीटर! इटलीत ११०० संपून जमाना झाला तरी आपण तेच इंजिन ओतत होतो. (सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर, म्हणजे कुर्ल्यात या फियाट बनवणारी कंपनी, काढली, पण डुक्कर कुर्ल्यातून बाहेर पडलेली त्यांना बघायला मिळाली नाही, जीनिव्हाच्या शोनंतर महिन्याभरातच ते गेले.) त्यामुळे पद्मिनीचे पार्ट अजून मिळतात आणि त्यांचा मी पण फायदा घेतोच, त्यात सोवळं पाळत नाही.

पण अख्खं इंजिन बदलायचं नाही असं माझं ठरलंय. एक तर आरसी बुकातला इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळतोय, इतक्या जुन्या गाडीत हे नशिबाने मिळतं. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपुढच्या गाडीला व्हिंटेज म्हणून व्हीए सिरीजची पाटी घेता येते, नवीन नोंदणीला २०,००० रुपये आणि दहा वर्षांची मुदत, पण गाडी मूळ स्वरूपात हवी, आणि ती पाटी लावून रोजच्या वापराला फिरवता येत नाही. मी अजून ठरवलं नाही, रविवारी पन्हाळ्यापर्यंत जायचं म्हणजे रोजचा वापर की नाही, जाणकारांनी सांगावं. आणि दुसरं म्हणजे ब्लॉक चांगला आहे हो, तडा नाही, बोअरमध्ये फार झीज नाही, मग चांगली वस्तू भंगारात का टाकायची? फक्त जरा सोपं पडतं म्हणून?

पेट्रोलचं मात्र सगळ्यांनीच मनावर घ्या. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) आहे, जुन्या रबराला ते सोसत नाही. फ्युएल पंपाचा पडदा आणि पेट्रोलचे सगळे पाइप इथेनॉल सोसणारे टाकून घ्या, आणि गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी-कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा. ओळखीच्या एका स्टँडर्ड हेराल्ड गाडीवाल्याच्या टाकीतून तांबडं पाणी निघालं.

पुढचं काम वायरिंग. जुनी कापडी वायर हात लावला की भुसा होतेय, त्यामुळे पूर्ण हार्नेस नवीन, पण रंग जुन्या डायग्रामप्रमाणेच ठेवणार, नाहीतर पुढचा माणूस शिव्या घालेल. डायनॅमो चालू आहे, कटआउटचे (डायनॅमो-बॅटरी जोडणारा स्विच) पॉइंट घासून घेतले, अल्टरनेटर टाकत नाहीये.

आता मदत हवी आहे ती अशी. डाव्या मागच्या लाइटची काच फुटलेली आहे आणि पुढच्या जाळीची मधली पट्टी वाकडी आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आणि पुण्याच्या जुन्या बाजारात फिरून झालं, पद्मिनीचा ढीग आहे पण डुकराचं काही नाही. कुणाकडे पडून असेल तर सांगा, सिलेक्टची (डुकरानंतरचं फियाट ११०० चं मॉडेल) काच बसते का हे पण कुणी बसवून बघितलं असेल तर लिहा. फोटो हेड मशीन शॉपमधून आलं की टाकतो.