बिघडलेलं यीस्ट कशाला सांभाळायचं?

यीस्टवर काम करते म्हटलं की ब्रेड-बिअरचे प्रश्न संपल्यावर हमखास एक प्रश्न येतो, की फ्रीजरमध्ये एवढे म्युटंट, म्हणजे कुठलं ना कुठलं जीन बिघडलेलं यीस्ट, कशाला सांभाळायचं, चांगलं यीस्ट घेऊन त्याचाच अभ्यास का नाही करत? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

धडधाकट यीस्ट काही सांगतच नाही हो. ग्लुकोज, अमोनियम सल्फेट, थोडे क्षार आणि व्हिटॅमिन्स एवढ्यावर ते प्रथिनांचे घटक असलेली वीसच्या वीस अमिनो ॲसिड्स स्वतः बनवतं, आणि एका पायरीवर जे तयार होतं ते पुढची पायरी लगेच वापरून टाकते, त्यामुळे मधलं काही हाताला लागतच नाही. एक एन्झाईम, म्हणजे ती पायरी घडवून आणणारं प्रथिन, गेलं की मात्र काम तिथेच अडतं, अडल्याच्या अलीकडचं साठायला लागतं आणि पलीकडचं बाहेरून दिलं तर यीस्ट परत वाढतं. आमची सगळी भिस्त या दोन गोष्टींवर.

मेथिओनीन या अमिनो ॲसिडचं घ्या, हे आपलं शरीर बनवूच शकत नाही, अन्नातूनच घ्यावं लागतं. यीस्ट ते बनवताना सल्फेटचं सल्फाइट करतं, सल्फाइटचं सल्फाइड, मग होमोसिस्टीन आणि शेवटी मेथिओनीन. आता मेट३ म्युटंट, म्हणजे मेट३ नावाचं जीन बिघडलेलं यीस्ट, सल्फाइट दिलं की वाढतो, म्हणजे त्याची अडचण सल्फाइटच्या आधी. मेट५ला सल्फाइटचा उपयोग नाही पण होमोसिस्टीन चालतं. मेट६ला होमोसिस्टीनही पुरत नाही, थेट मेथिओनीनच लागतं. रस्ता डोळ्यांनी न बघता पायऱ्या ओळीने लागल्या की नाही?

आणि मेट१५ तर बघण्यासारखा! त्याच्यात सल्फाइड तयार होतं पण पुढे जात नाही, हायड्रोजन सल्फाइड साठत राहतं, त्यामुळे शिशाचा क्षार घातलेल्या रिच मीडियावर, म्हणजे सगळं पोषण असलेल्या माध्यमावर, पांढऱ्या कॉलनींच्या (पेशींच्या ठिपक्यांच्या) मधोमध याच्या कॉलनी गडद तपकिरी-काळ्या होतात कारण लेड सल्फाइड काळं असतं. त्यातच मेट५ पण बिघडवलं तर कॉलनी परत पांढरी, कारण मुळात सल्फाइडच होत नाही, म्हणजे मेट५ आधी आणि मेट१५ नंतर हे नुसत्या रंगावरून कळतं. मला विचाराल तर जेनेटिक्समधलं इतकं सुंदर लॉजिक दुसरीकडे क्वचितच दिसतं.

ही पद्धत यीस्टमध्ये सुरू झाली नाही. बीडल आणि टेटम यांनी १९४१ मध्ये न्यूरोस्पोरा या बुरशीवर एक्स-रे मारून असे म्युटंट मिळवले, १९५८ चं नोबेल त्यावरच, आणि १९४४ मध्ये सर्ब आणि हॉरोविट्झ यांनी आर्जिनिन हे अमिनो ॲसिड बनण्याचा ऑर्निथिन, सिट्रुलीन, आर्जिनिन हा क्रम असाच लावला. यीस्टची सोय अशी की हॅप्लॉइड पेशीत जीनची एकच कॉपी असते, ती गेली की दोष लगेच दिसतो, आणि दोन म्युटंटचं मेटिंग करून झालेला डिप्लॉइड, म्हणजे दोघांच्याही कॉप्या असलेली पेशी, मेथिओनीनशिवाय वाढला तर एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली, म्हणून बहुतेक वेळा दोघांची बिघडलेली जीन्स वेगळी असं धरता येतं.

आता 'हे तर सगळं जुनं झालं' असं म्हणणाऱ्यांसाठी. मेट१५ गेलं की मेथिओनीनशिवाय यीस्ट वाढणार नाही हे कित्येक दशकं गृहीत होतं, जगभर लॅबमध्ये वापरतात त्या यीस्टच्या बीवाय४७४१ स्ट्रेनमध्ये (वाणात) हे जीन मुद्दाम काढलेलंच असतं. पण मेथिओनीन नसलेल्या प्लेटवर सुट्या पेशी पसरल्या तर वाढत नाहीत आणि दाट पॅच मखमलीवर दाबून त्याचा ठसा, म्हणजे रेप्लिका, या प्लेटवर उमटवला तर चक्क वाढतात, असं दिसलं. २०२२ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी यामागचं कारण दाखवलं, की वायएलएल०५८डब्ल्यू नावाच्या, तोपर्यंत काम माहीत नसलेल्या जीनचं एन्झाईमही सल्फाइडपासून होमोसिस्टीन बनवतं, फक्त फार हळू. त्यातल्या एका गटाने सल्फाइड पकडून ठेवणारं लोहाचं संयुग मीडियात घातलं तर वाढ सुधारली, म्हणजे नुसता मेथिओनीनचा तुटवडा नाही, साठलेल्या हायड्रोजन सल्फाइडचं विषही त्यांना वाढू देत नव्हतं. हा दुसरा रस्ता धडधाकट यीस्टमध्ये दिसणं कठीणच होतं, कारण तिथे मेट१५ सगळं काम आधीच उरकून टाकतं.