पक्षीनोंद ॲप: शेअर्ड स्टेट कमी करत आणलं

या खेपेला ॲपमध्ये डोळ्यांना दिसेल असं नवीन काही नाही. आतलं स्टेट (ॲप चालताना लक्षात ठेवायची माहिती) मात्र जवळजवळ सगळं नव्याने लावलं, आणि पडद्यावरच्या कुठल्याही बदलापेक्षा मला हेच काम जास्त आवडलं.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: गोव्यातलं चोडणचं सलीम अली अभयारण्य, करमळीचं तळं, दिवाडीची खाजनं (बांध घातलेली खाडीकाठची सखल शेतं) अशा ठिकाणी आम्ही मित्रमंडळी पक्षी मोजतो आणि नोंदी या ॲपमध्ये टाकतो. ॲप रिअ‍ॅक्टवर (पडदे बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) चालतं. यादी, नकाशा आणि वरची एकूण संख्या या तिघांना एकच माहिती लागते. शेकाट्यांचा आकडा यादीत वाढला की नकाशावरच्या खुणेतही तो लगेच वाढायला हवा.

आतापर्यंत हे सगळं एका कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे पडद्याच्या सगळ्या तुकड्यांना (कंपोनंटना) वाचता येणाऱ्या एकाच साठ्यात होतं. कॉन्टेक्स्टचं मूल्य बदललं की ते वाचणारा प्रत्येक कंपोनंट पुन्हा रेंडर होतो, म्हणजे नव्याने काढला जातो; नको ते रेंडर टाळणाऱ्या मेमोमध्ये गुंडाळला असला तरी. त्यामुळे शोधायला 'तुतवार' टाइप करताना दर अक्षराला अख्खा नकाशा रेंडर व्हायचा आणि जुन्या फोनवर अक्षरं मागे रेंगाळायची. अशा वेळी बरेच जण थेट रिडक्स किंवा झुस्टांड या स्टेट सांभाळणाऱ्या तयार लायब्ररींकडे वळतात. दोन्ही चांगली आहेत. पण त्याआधी स्टेटमधल्या एकेका गोष्टीचा खरा मालक कोण ते ठरवावं, असं माझं ठाम मत आहे.

ठिकाण, महिना आणि शोधशब्द यांचा मालक यूआरएल. 'करमळी, डिसेंबर' अशी लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की समोरच्याला तोच पडदा उघडतो, त्यातले कमळपक्षी दिसतात. ठिकाण बदललं की पुशस्टेट (ब्राउझरच्या इतिहासात नवी पायरी), शोधशब्द टाइप होत असताना रिप्लेसस्टेट (आहे तीच पायरी बदलणं). म्हणजे बॅक दाबल्यावर करमळीवरून चोडणला परत येता येतं, टाइप केलेल्या एकेका अक्षरातून मागे यावं लागत नाही. इथे एक लक्षात ठेवा: पुशस्टेट केल्यावर पॉपस्टेट इव्हेंट (बॅक दाबल्यावर ब्राउझर देतो ती सूचना) येत नाही, त्यामुळे बाकीच्या कंपोनंटना आपणच कळवायचं.

एकूण संख्या आणि 'आज किती जाती' हे तर स्टेट नव्हेच. नोंदींवरून काढता येणारा आकडा वेगळा साठवला की एकाच गोष्टीचे दोन हिशेब होतात, आणि ते कधी ना कधी जुळेनासे होतात. ते आता रेंडर होतानाच मोजले जातात.

एवढं बाजूला काढल्यावर खरोखर सामायिक उरल्या त्या फक्त नोंदी आणि निवडलेला पक्षी. त्यांच्यासाठी हाताने छोटं स्टोअर लिहिलं: एक व्हेरिएबल, ऐकणाऱ्यांचा एक सेट, आणि बदल झाला की सगळ्यांना हाक. रिअ‍ॅक्टशी त्याची जोडणी युजसिंकएक्स्टर्नलस्टोअर या हुकने (कंपोनंटमध्ये वापरायच्या खास फंक्शनने) केली. हा हुक २०२२ मध्ये रिअ‍ॅक्ट १८ सोबत आला. त्याची एक अट कडक आहे: माहिती बदलली नसेल तर गेटस्नॅपशॉटने (हुकला सध्याची माहिती देणाऱ्या आपल्या फंक्शनने) दर वेळी तोच ऑब्जेक्ट परत द्यायला हवा. तिथेच फिल्टर लावून 'फक्त खंड्या' अशी यादी दिली, तर फिल्टर दर वेळी नवा ॲरे (यादी) बनवतो, रिअ‍ॅक्टला वाटतं माहिती बदलली, आणि रेंडर थांबतच नाही. म्हणून स्नॅपशॉटमधून मूळ नोंदी जशाच्या तशा द्यायच्या आणि फिल्टर कंपोनंटमध्ये युजमेमोत (माहिती तीच असेल तर आधीचं उत्तर परत देणाऱ्या हुकमध्ये) लावायचा. नकाशा आता तुतवारच्या अक्षरांना हलत नाही.

आता काम आहे ते रेंज नसताना केलेल्या नोंदींचं. चोडणच्या खारफुटीत दोघं वेगवेगळ्या बाजूंनी मोजत असले, आणि नंतर दोन्ही फोनवरून 'ब्राह्मणी घार: ७' आणि 'ब्राह्मणी घार: ४' असे आकडे आले, तर मागाहून पोचलेला आधीचा पुसून टाकेल. म्हणून आकडा न पाठवता क्रिया पाठवायची: 'घार, अधिक १'. प्रत्येक क्रियेला स्वतःचा आयडी, म्हणजे नेटवर्क तुटून तीच पुन्हा गेली तरी दोनदा मोजली जाणार नाही. आयडीसाठी ब्राउझरमधल्या क्रिप्टोचं रँडमयूयूआयडी हे फंक्शन वापरतो आहे. ते फक्त एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर मिळतं. घरच्या वायफायवर लॅपटॉपचा आयपी टाकून साध्या एचटीटीपीवरून फोनवर चाचणी घ्याल, तर ते फंक्शन सापडणारच नाही. तेव्हा आधी एचटीटीपीएससाठी लोकल सर्टिफिकेट करून घ्या, मग पाठवायच्या राहिलेल्या क्रियांच्या रांगेचा कोड लिहायला बसा.